घोटीव कागदाचे मासे
परवा भाचीने डिंकाची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मला तारनाक्यातलं आमचं भाड्याचं घर आठवलं. पुण्याहून त्या तेलुगू बोलणाऱ्या शहरात आल्यापासून माझी चार वर्षांची लेक घराबाहेर एक अक्षर बोलत नव्हती. शाळेतल्या बाईंनी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं होतं. एका दुपारी शेजारच्या तेलुगू आंटी तिला घोटीव कागदाचे मासे करायला शिकवत होत्या. फरशीभर लाल, पिवळे, निळे तुकडे पसरले होते. चिकट बोटांनी खवले लावता लावता लेक अचानक म्हणाली, "आंटी, इंकोटि!" म्हणजे अजून एक. जणू ती रोजच बोलत असावी, तसं आंटींनी विचारलं, "ए रंगू?" "ब्लू." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकले आणि पोटभर रडले. लेकीला आता यातलं काहीच आठवत नाही. ते अबोल दिवसही नाहीत, हे बरंच आहे.