लिटरभराचा पेला

म्युनिकच्या बिअरच्या जत्रेत, त्या अवाढव्य तंबूत, मी लिटरभराचा काचेचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि समोर बसलेल्या जर्मन आजींच्या पेल्याला टेकवायला गेले. सांडू नये म्हणून लक्ष सगळं फेसाकडे होतं. आजींनी आपला पेला मागे घेतला.

"आधी डोळ्यांत बघायचं," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "पेल्याकडे बघितलं तर आम्ही ते चिअर्स धरत नाही."

मी बघितलं. त्यांचे डोळे करडे होते, थकलेले आणि हसरे.

घरी रोज सकाळी मी ह्यांना चहा देते. माझी नजर कपावर असते, ह्यांची पेपरात. इतक्या वर्षांत कप कधी हिंदकळला नाही, याचा मला अभिमानच होता.

मी शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे वळून पेला पुढे केला. ह्यांनी सवयीने खाली बघतच आपला पेला जवळ आणला. मी माझा मागे घेतला.

"इकडे बघा."

"अगं, सांडेल."

"सांडू दे."

मनगट भरून आलं होतं, पण ह्यांनी बघेपर्यंत पेला खाली ठेवायचा नाही, हे मी ठरवलं होतं. शेवटी ह्यांनी मान वर केली.

ओढणीवर बिअर सांडली होती, हे मला हॉटेलवर गेल्यावर कळलं.