नाचण्यातली जागा

बायकोची बदली रत्नागिरीला झाली. माझी नोकरी देवरुखातच राहणार होती, म्हणजे मला रोज एसटीने जा-ये करावी लागणार होती. साळवी स्टॉपजवळचा एक फ्लॅट मी जवळजवळ पक्का केला होता. नवी इमारत, लिफ्ट, बायकोचं ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ. ती म्हणाली, “नाचणे भागातली जागाही बघू, मग ठरवू.”

नाचण्यातली इमारत जुनी, दुमजली होती. वरच्या मजल्यावर घरमालकांशी पाण्याच्या वेळा बोलत असताना लक्षात आलं, आमची सहा वर्षांची लेक जवळ नाही. जिन्यात नाही, फाटकाशी नाही. बायको हाका मारत इमारतीमागच्या विहिरीकडे धावली.

तेवढ्यात खालच्या खिडकीतून एक बाई ओरडल्या, “अहो, इकडे आहे ती!”

आत लेक त्यांच्या दोन मुलींबरोबर बसून घावन खात होती. “दारात उभी होती, म्हटलं ये आत. तुम्हाला सांगायला मी येतच होते,” त्या म्हणाल्या. बायकोला रडू आवरेना. त्यांनी तिलाही बसवलं आणि तव्यावरचं घावन वाढलं.

परतताना मी फ्लॅटचा विषय काढला.

“शाळा सुटल्यावर हिच्याकडे तिथे कोण बघणार?” बायकोने विचारलं. मी फ्लॅटवाल्यांना फोन करून नको म्हणून कळवलं.

आम्ही नाचण्यात राहायला आलो. आता मी संध्याकाळी पोचतो तेव्हा लेक बहुधा खालीच असते, आणि हाक मारली तरी लवकर वर येत नाही.