हसून, का चिडून?

काल एपीएमसी मार्केटात घाटी मसाल्याचा वास आला आणि खाडीकाठच्या करावे गावातली आमची भाड्याची खोली आठवली. आम्ही सह्याद्रीपलीकडचे, साताऱ्याकडचे. घरात ‘घाटावर’ म्हणजे माझं आजोळ. त्यामुळे खेळताना भांडण झालं आणि घरमालकांची सुमन “घाटी कुठची!” म्हणून ओरडली, तेव्हा मला आनंदच झाला. धावत जाऊन आईला सांगितलं. मिरच्या कुटता कुटता ती थांबली.

“हसून म्हणाली, का चिडून?”

“चिडून.”

आईचे पुढचे घाव जोरात पडले.

काल मसाला घेताना लेकीनं विचारलं, “आई, घाटी म्हणजे काय गं?”

“कोण म्हणालं तुला? हसून, का चिडून?”

“कोणी नाही गं. पाकिटावर छापलंय.”