दादाने धरलेली जागा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. पुतणी एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले." मी गाळणी हातात धरून म्हणालो, "बरं." बरं काय, कपाळ! माणूस जाणार हे महिनोन्‌महिने माहीत असलं तरी त्या दिवशी तोंडातून धड शब्द निघत नाही...

दादा माझा थोरला चुलतभाऊ. नेवाशाजवळ शेती, दारात गाई आणि बारा महिने खांद्यावर टॉवेल. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. जागा धरायची ती वहिनीसाठी आणि स्वतः नगरपर्यंत दांडीला लोंबकळायचं. त्याच्या लेकीने हट्टाने आम्हा तिघांना युरोपच्या सहलीला पाठवलं, तेव्हाही टॉवेल बरोबर होताच. स्वित्झर्लंडहून इटलीत उतरणाऱ्या त्या आगगाडीत प्रत्येक जागेला नंबर होता, तरी दादाने लगबगीने पुढे जाऊन खिडकीपाशी टॉवेल टाकला. मी म्हणालो, "अरे, जागा राखीव आहेत." तर म्हणे, "असू दे. कुनाचा भरवसा न्हाई." वहिनी खिडकीत बसल्या, शेजारी दादा, पलीकडच्या बाकावर मी.

बाहेर बर्फाचे डोंगर, खाली निळंशार तळं, उतारावर गाई. "गाया लई तयार हायेत," दादा म्हणाला. मग एक धबधबा बघून, "एवढं पानी चाललंय आन् कुनी अडवीत न्हाई." आम्ही हसलो. वहिनी काचेला नाक लावून बसल्या होत्या. तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली आणि त्या आवाजात दादा माझ्या कानाशी वाकला.

"पोटात गाठ हाय. निघायच्या आधीच डॉक्टरनं सांगितलं. चांगली न्हाई म्हनला."

"मग उपचार?"

"घरी गेल्यावर. हिनं जलमात पयल्यांदा कायतरी बघायचं म्हनलंय. बघू दे तिला डोंगर. तू तोंड नीट ठेव."

तोंड नीट ठेव! बोगदे येत होते, जात होते, प्रत्येक पुलावर सहलीतली माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी हसल्यासारखं करत होतो. मला त्याचा राग आला होता, तो अजून गेलेला नाही. हा कसला शहाणपणा? बायकोला चार डोंगर दाखवायचे म्हणून कुणी मरण अंगावर घेतं का? घरी येऊन उपचार सुरू झाले तोवर गाठ पसरली होती. ते आठवडे हातचे गेले नसते तर काय झालं असतं, हे डॉक्टरही नीट सांगत नाहीत. शेवटी त्याला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. वहिनी कापसाने ओठ भिजवायच्या आणि तो नुसता बघत राहायचा. ते बघणं मला विसरता येत नाही.

परवा वहिनींचे डोळे दाखवायला नगरला निघालो. एसटी लागली तशी त्यांनी पिशवीतून दादाचा टॉवेल काढला आणि खिडकीतून आत टाकला. वर चढल्यावर मात्र म्हणाल्या, "तुमी बसा खिडकीला, भावजी. मला नको." मी म्हणालो, तुम्हाला तर बाहेर बघायला आवडतं. त्या आगगाडीत मान वळवली नव्हती तुम्ही.

त्यांनी बाकावरचा टॉवेल उचलला.

"बोगदा आला की काचेत तुमी दोघं दिसायचात," मग त्या म्हणाल्या. "पयल्याच बोगद्यात हे तुमच्या कानाशी वाकले आन् तुमचा चेहरा उतरला. ह्यांचं जेवन तर कवाच तुटलं हुतं. मला तितंच कळलं."

"मग काही बोलला का नाहीत?"

"ह्यांनी एवढी जागा धरली हुती माझ्यासाठी. कशी मान फिरवू? बघत बसले... एकबी डोंगर आठवत न्हाई मला."

गाडी सुटली. वहिनींनी टॉवेलची घडी केली, मांडीवर ठेवली आणि नगर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसल्या.