अण्णा म्हणजे कोण?

छाती चिरडलेल्या त्या माणसाचं प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तेव्हा मी चेन्नईत, वेस्ट मांबलमला इन्स्पेक्टर होतो. सकाळी ठाण्यात एका शेजाऱ्याचा फोन आला. समोरच्या घरात दोघा भावांचं गाडीवरून भांडण चालायचं, आता थोरल्याने धाकट्याच्या अंगावर गाडी घातली, म्हणे. शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं, फक्त पाहिलेलं काही नसतं.

धाकटा कार आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये सापडला होता. शुद्ध हरपण्यापूर्वी तो हवालदाराला एवढंच म्हणाला, "अण्णा... गाडी." तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. हवालदाराने तसं लिहून घेतलं आणि आम्ही थोरल्याला ठाण्यात आणलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाला जबर मार आहे, ते रक्त ढकलेना. म्हणून एक्मो मशीन लावलंय. ते रक्त बाहेर काढून, ऑक्सिजन मिसळून परत शरीरात सोडतं. तेवढ्या वेळात हृदयाने सावरायला हवं. पण नळ्यांत गुठळी नको म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं, आणि छातीत आधीच रक्तस्राव. जबाबाचं आत्ता विसरा."

तो दगावला असता तर ते दोन शब्द मृत्युपूर्व जबाब ठरले असते आणि थोरल्यावर खुनाचा गुन्हा लागला असता. थोरला मात्र तमिळमध्ये सारखं म्हणत होता, "मीच केलं, सार." का केलं विचारलं की पुन्हा तेच. कबुली देणारा माणूस सहसा कारणंही देतो. हा एकही देईना, ते मला खटकलं.

दुपारी त्याला घरी फोन करू दिला. बायकोला त्याने मराठीत एकच विचारलं, "अण्णा जेवले कीं?"

बोली ओळखीची वाटली; मीही तंजावरचा मराठीच, पण आमच्या घरी वडिलांना अप्पा म्हणतात. मी म्हणालो, "घरात थोरले तुम्हीच. मग तुमचे अण्णा कोण?"

तो ढसाढसा रडला. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, असं त्याने सांगितलं. ऐंशीच्या घरातल्या वडिलांनी हट्टाने गाडी बाहेर काढली होती आणि ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता. पोलीस यायच्या आत थोरल्याने त्यांना उतरवून घरात नेलं होतं. भांडणही त्यांच्या किल्लीवरूनच. थोरला म्हणायचा काढून घेऊ, धाकटा म्हणायचा राहू दे.

वडील आयसीयूबाहेर बसून होते. अन्नाला शिवले नव्हते. मला पाहून उठले आणि म्हणाले, "मला न्या. पोराला सोडा."

थोरल्याला सोडलं. वडिलांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला, ठाण्यातच जामीन दिला आणि त्यांना परत त्याच बाकावर नेऊन बसवलं. मला फार वाईट वाटलं, पण कायद्याचं काम करावंच लागतं.

पुढे मशीनचा जोर हळूहळू कमी केला, तसं हृदय आपलं काम उचलू लागलं. नळ्या निघाल्यावर मी जबाबाला गेलो. "अण्णा, गाडी" म्हणजे काय सांगायचं होतं, असं विचारलं.

"मला वाटलं अण्णा अजून गाडीतच आहेत, सार. त्यांना उतरवा, म्हणत होतो," तो म्हणाला. लगेच त्याने विचारलं, "जेवले कीं ते?"

जखमी माणूस नाव घेतो ते आरोप करायलाच असं नाही. त्यानंतर प्रत्येक नव्या हवालदाराला मी एक गोष्ट सांगत आलो : जबाब लिहिण्याआधी विचारा, घरात कोणाला काय हाक मारतात.