फोन न आलेली आग

अग्निशमन केंद्रातल्या एकुलत्या एक बंबाच्या ड्रायव्हरला सगळे दादा म्हणत. तीस वर्षांपूर्वी तो रुजू झाला तेव्हा तिथे तीन बंब आणि बावीस माणसं होती. आता उरले पाच जण. हमरस्त्यावर नवं केंद्र झाल्यापासून आगीचे फोन तिकडेच जायचे. इथे बंबांच्या रिकाम्या जागेत कुठल्या कुठल्या कचेऱ्यांची मोडकी कपाटं येऊन पडली होती.

दादाच्या पायाला मात्र भिंगरी होती. चाकांची हवा बघ, इंजिन सुरू कर, पाइप उलगड, पुन्हा गुंडाळ. घरीही जेवताना दोनदा उठायचा.

"अहो, घास तरी गिळा," बायको म्हणायची. "कोण बोलावतंय तुम्हाला?"

लागायचं त्याला ते. पण खोटं नव्हतं.

एका दुपारी गच्चीवर पाइप वाळत घालताना त्याला लाँड्रीच्या गल्लीवर काळा धूर दिसला. तो धडाधड खाली आला. केंद्राच्या साहेबांनी नव्या केंद्रात फोन लावून विचारलं.

"नव्या केंद्राची गाडी निघालीय. आपल्याला ऑर्डर नाही."

"साहेब, ती गाडी त्या गल्लीत शिरायची नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. मी जातो."

साहेबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ते शेजारी चढून बसले.

नवा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला होता. दादाने आरसे दुमडून दुसऱ्या टोकाने गाडी आत घातली. दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा. पण जुनी टाकी गळकी, पाणी बघता बघता संपत आलं. तो पळतच नव्या बंबाच्या ड्रायव्हरकडे गेला. "पाणी तुझं, पंप माझा. जोड पाइप."

लाँड्रीवाली आणि तिच्या दोन कामकरणी माळ्यावरून शिडीने उतरल्या. छप्पर गेलं, माणसं वाचली.

आठवड्याने वरून विचारणा आली: हुकमाशिवाय गाडी का काढली? साहेबांनी उत्तर दिलं, 'मी सांगितलं म्हणून.' दादाला हे कारकुनाकडून कळलं.

तरी तीन महिन्यांनी केंद्राला कुलूप लागलंच. बंब भंगारात गेला आणि दादाची बदली नव्या केंद्रात झाली. पहिल्याच सुट्टीला तो टेप घेऊन जुन्या वस्तीत गल्ल्यांची रुंदी मोजायला निघाला. मागोमाग बायकोही चप्पल घालून आली.

"तू कशाला?"

"दुसरं टोक कोण धरणार?" ती म्हणाली. "आणि आकडे भराभर वाचा, ऊन चढतंय."