दिव्यावरची टिकली

माझ्या गॅरेजात येणारे निम्मे लोक गाडी दुरुस्त करायला येतच नाहीत, दिवा विझवायला येतात. माझा सख्खा भाऊही त्यातलाच निघाला.

दादा जुईनगरला फ्लॅटमध्ये राहतो, माझं गॅरेज शिरवण्यात. त्या दिवशी सगळे साताऱ्याकडं निघाले होते, कुलदैवताला. आमचे वडील, अण्णा, आधीच गावी गेले होते. मागच्या सीटवर नारळ, पेढे, ओटीचं सामान, वहिनी. पुढं आई. दादानं काचेतूनच सांगितलं, "दोन दिवे पेटलेत. पटकन घालव, उशीर होतोय."

पिवळा एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, त्याच्या शेजारी ब्रेकचा लाल. हँडब्रेक खाली होता. ब्रेक ऑइल भरलेलं. स्कॅनर लावला, तर मागच्या दोन्ही चाकांचे सेन्सर गप्प. गाडी जॅकवर घेतली नि बघितलं, सोसायटीच्या उंदरांनी दोन्ही वायरी कुरतडलेल्या.

म्हटलं, "दादा, ब्रेक लागेल, पण जोरात दाबलास की चाकं जाम होतील नि गाडी घसरत जाईल. एकटा पिवळा असता तर हळू जा म्हणालो असतो. लालसुद्धा पेटलाय, म्हणजे मागच्या ब्रेकचा जोर आवरणारं काहीच उरलं नाही. पार्ट उद्या संध्याकाळी येईल. उद्या जा."

"ब्रेक लागतोय ना? मग झालं. तुला सगळ्यातच खोट दिसते!"

माझं डोकं फिरलं. किल्ली काढून खिशात घातली. "आई बसलीय गाडीत, अक्कल आहे का तुला?"

मग आईच बोलली. "देवाला निघालेल्या माणसाला आडवं येऊ नये रं. किल्ली दे त्याची." आणि कपाळावरची टिकली काढून तिनं लाल दिव्यावर चिकटवली. "घे, गेला दिवा. आता भांडू नका."

दादा खो खो हसला. वहिनीनं पर्समधलं टिकल्यांचं पाकीट पुढं केलं, पिवळ्यालाही एक लागली. मला हसू आलं नाही. आईनं हात पुढं केलेलाच होता. मी किल्ली त्या हातात टेकवली, दादाच्या नाही.

घाटापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. कळंबोलीत लोखंडाच्या मार्केटजवळ पुढच्या ट्रेलरनं ब्रेक मारला, रस्त्यावर डिझेल सांडलेलं. दादानं ब्रेक दाबून धरला, मागची चाकं जाम झाली, गाडी फिरली आणि आईच्या बाजूनं ट्रेलरवर जाऊन आदळली. दादाला खरचटलं, वहिनीला मुका मार. आईचा खुबा मोडला.

गाडी टो करून माझ्याकडंच आणली, दुसरीकडं कुठं नेणार? वायरी बघायला किल्ली फिरवली. टिकल्या जागच्या जागी होत्या. नखानं खरवडल्या. खाली दोन्ही दिवे ढणाढणा पेटलेले. त्या गाडीत खरं बोलणारे तेवढेच होते.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. गावाकडची माणसं जमली होती. दादा भिंतीला टेकून सगळ्यांना ट्रेलरवाल्याचीच चूक सांगत होता. मामानं विचारलं, "निघायच्या आधी गाडी दाखवायची नाही होय कुणाला?"

दादा खाली बघायला लागला. मी आईकडं बघितलं. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दाखवली की," आई म्हणाली. "धाकट्यानंच बघितली होती."